फक्की मारणाऱ्या बाबांचा मुलगा



मागच्या महिन्यात मी माझ्या चौथीच्या वर्गाला निबंध दिला होता, 'माझे बाबा'. वह्यांचा गठ्ठा घरी नेला आणि रात्री तपासायला बसले. कुणाचे बाबा बँकेत, कुणाचे एस.टी.त, कुणाचं किराणा दुकान. एक वही मात्र कोरी निघाली. वर तारीख, खाली शीर्षक, आणि बस्स!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला वर्गात उभं केलं. "काय रे, बाबांबद्दल चार ओळीसुद्धा सुचत नाहीत तुला?" तो काही बोलला नाही. नुसता मान खाली घालून उभा राहिला. मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावरची मुलगी हळूच माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाई, त्याचे बाबा ना, ग्राउंडवर फक्की मारतात. मुलं त्याला त्यावरून चिडवतात."

खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. सगळ्यांसमोर त्याला विचारायला नको होतं. मग काय करावं? नुसती "चिडवू नका" अशी ताकीद देऊन काही होत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळलंय. म्हणून त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि वर्गाला एक खरीखुरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

पुण्याजवळ खडकी आहे ना, तिथे सरकारी दारूगोळा कारखान्याची कामगार वसाहत आहे. त्या वसाहतीत नागलिंगम पिल्ले नावाचे गृहस्थ राहायचे. घरात तमिळ बोलणारं हे कुटुंब. नागलिंगम तिथल्या मैदानाची निगा राखायचे. ग्राउंड्समन म्हणतात ना, तेच काम. पगार बेताचा, आणि घरात पाच मुलगे! त्यांतल्या एकाचा जन्म १६ जुलै १९६८ चा. त्याचं नाव धनराज.

पाच मुलांना पाच नव्या हॉकी स्टिका आणायच्या कुठून? मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका आणि जुने चेंडू, हेच या भावांचं खेळाचं सामान. मैदान मऊ मातीचं. पावसात तर नुसता चिखल! त्या चिखलात चेंडू पळवायचा म्हणजे पायांत दम हवा आणि मनगटात चपळाई हवी. धनराजचा आवडता खेळाडू होता महंमद शाहिद. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा घेऊन पळणारा! धनराज त्याची नक्कल करायचा. पुन्हा पुन्हा, अंधार पडेपर्यंत.

आता मला सांगा, ज्या घरात पैशांची ओढाताण असते, तिथली आई काय म्हणेल? "खेळ पुरे, काहीतरी कमवायचं बघा!" हो ना? पण या मुलांची आई आंडाळम्मा वेगळी होती. तिने पाचही मुलांना खेळू दिलं. नुसतं खेळू दिलं नाही, तर खेळा म्हणून पाठीवर हात ठेवला. "मी जो काही झालो तो आईमुळे," असं धनराज नेहमी सांगत आला आहे.

थोरला भाऊ रमेश हॉकीत पुढे गेला. मुंबईला आर.सी.एफ. या खत कारखान्याच्या संघाकडून खेळू लागला. भारताकडूनही खेळला. १९८५ च्या आसपास त्याच्या मागोमाग धनराज मुंबईला आला. भावाने त्याला शिकवलं, त्याच्या चुका दाखवल्या. पुढे महिंद्र कंपनीच्या संघात त्याला जोकिम कार्व्हालो यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. आणि १९८९ साली खडकीच्या चिखलात खेळलेला हा मुलगा भारताचा पोशाख घालून मैदानात उतरला!

पुढचा हिशोब ऐका हं. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक. १९८९ ते २००४ या काळात तो तीनशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता आणि भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं. त्याआधीचं सुवर्ण होतं १९६६ चं. म्हणजे मध्ये किती वर्षं गेली? (बघा, गणिताचा तास बुडाला नाही!) पुढे धनराजला खेलरत्न आणि पद्मश्री हे मोठे सन्मानही मिळाले.

इथे वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "बाई, मग ऑलिम्पिकचं पदक?"

नाही मिळालं. २००० साली सिडनीत भारत उपांत्य फेरीच्या अगदी दारात होता. पोलंडविरुद्ध १-० अशी आघाडी होती. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडने गोल केला. बरोबरी झाली, दार बंद झालं. धनराज रडला. चार वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो पुन्हा अथेन्सला खेळायला गेला. तिथेही पदक आलं नाही. २००७ साली त्याचं इंग्रजी चरित्र निघालं. त्याचं नाव काय आहे माहीत आहे? 'फरगिव्ह मी अम्मा'. म्हणजे 'अम्मा, मला माफ कर'. एवढा मोठा खेळाडू, पण त्याच्या पुस्तकाच्या नावात कप नाही, पदक नाही. आई आहे!

वर्ग अगदी शांत झाला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. तोच, कोऱ्या वहीचा मुलगा. "बाई, त्यांचे बाबा पण फक्की मारायचे?"

मी म्हटलं, "अरे, मैदान सांभाळायचं म्हणजे पाणी मारायचं, गवत कापायचं, रेघा आखायच्या. हे सगळं कुणीतरी केल्याशिवाय सामना सुरू तरी होईल का?"

सोमवारी वही माझ्या टेबलावर आली. दहाच ओळी होत्या. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. पण त्यातली एक ओळ मला पाठ झाली आहे : 'माझ्या बाबांची रेघ कधीच वाकडी येत नाही.' मी त्याला विचारूनच ही ओळ इथे लिहिते आहे. नाव मात्र सांगणार नाही, हं!

मुलांनो, या रविवारी एक काम करा. आई-बाबा रोज नक्की काय काम करतात, ते त्यांना नीट विचारा. काम करताना काय दुखतं, काय आवडतं, तेही विचारा. आणि दहा ओळी लिहून काढा.

आणि पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. धनराजच्या आईकडे मुलांसाठी नव्या स्टिकचे पैसे नव्हते, पण "खेळ" असं म्हणायला पैसे लागत नाहीत. खेळणारं प्रत्येक मूल धनराज होणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या पाच भावांतलेही सगळे झाले नाहीत. तरी संध्याकाळचा एक तास मुलांना मैदानावर सोडा. आणि आपण काय काम करतो, ते मुलांना मोकळेपणाने सांगा. आपण लपवलं, की मुलं लाजायला शिकतात.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई