घरांतील अर्धी शेती

शेतकी मासिकाच्या पानांवर बी-बियाणें, खतें, पाणी व बाजारभाव यांची चर्चा नेहमीं होत असते, व ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु शेताच्या बांधापासून निघालेली ही चर्चा घराच्या उंबऱ्याशीं येऊन थांबते. उंबऱ्याच्या आंत चालतें तें बायकांचें काम, त्याचा शेतीशीं संबंध काय, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमचें मत याच्या उलट आहे. शेतांत पिकलेल्या मालापैकीं किती घरांत टिकला, किती वायां गेला, व किती रुपये दुकानदाराकडे जाण्यापासून वांचले, हा शेतीचाच जमाखर्च होय. तो सांभाळणाऱ्या गृहिणीचें नांव मात्र घरच्या वहींत नाहीं व सात-बाऱ्यावरही बहुधा नाहीं. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें व बेताचेंच. परंतु महसूल खात्याच्या कारकुनींत उताऱ्यांवरील नांवें वाचण्यांत आमची हयात गेली. त्या अनुभवावरून चार गोष्टी वाचकांपुढें ठेवीत आहों.

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेंत मोडतात. घोड, भीमा व कालवे यांचें पाणी जेथें पोहोंचलें तेथें ऊस आला. जेथें पोहोंचलें नाहीं तेथें बाजरी, ज्वारी, तूर यांवरच भिस्त राहिली. दोन्हींकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे. पैसा एकदम येतो व खर्च रोज होतो. ऊस कारखान्यास दिल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत मिळावी, व उशीर झाल्यास दरसाल शेंकडा 15 प्रमाणें व्याज द्यावें, असें 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षांत पैसे केव्हां हातीं येतात, हें ऊसवाल्यांस आम्हीं सांगणें नको. कांद्याचा भाव तर एका आठवड्यांतही पालटतो. मधल्या महिन्यांत घर चालतें तें एक तर उधारीवर, नाहीं तर बेगमीवर. उधारी पुरुष करून येतो. बेगमी बाईनें करून ठेविलेली असते.

ही बेगमी म्हणजे नुसता सांठा नव्हे, तें एक शास्त्र आहे. तुरीचेंच उदाहरण घ्या. तूर भिजवून, तांबडी माती लावून, उन्हांत कडक वाळवून भरडली म्हणजे शंभर किलोची सुमारें सत्तर किलो डाळ पडते, व चुणी गुरांच्या आंबोणांत जाते. सगळी तूर खळ्यावरच विकून पुढें दुकानांतून डाळ आणणारा शेतकरी दोन वेळची हमाली, दोन वेळचें गाडीभाडें व मधल्या साऱ्यांचा नफा आपल्याच खिशांतून भरतो, आणि चुणीसही मुकतो. दुसरें उदाहरण धान्याचें. उन्हाळ्यांत धान्य इतकें वाळवावें कीं दाणा दातांखालीं कडकन् फुटला पाहिजे. मात्र तें गरम असतां कोठींत भरूं नये, सावलींत निवूं द्यावें. तसें न केल्यास आंत घाम धरतो व पावसाळ्यांत टोके लागतात. बाजरींत तेलाचा अंश अधिक असल्यामुळें तिचें पीठ लवकर कडू होतें; सबब तें आठवड्यापुरतेंच दळावें. या गोष्टी ज्या घरीं पाळल्या जातात तेथें पोत्यामागें दोन-चार पायल्या सहज वांचतात, आणि त्या पायल्या शेतांत पिकविण्यास पाणी, खत व मजुरी किती लागली असती याचा हिशेब वाचकांनींच करावा.

हीच गोष्ट खाऊची व पांघरुणाची. दिवाळींत व उन्हाळ्याच्या सुटींत पोरांस बिस्किटें हवीं असतात. रंगीत वेष्टनाचे पुडे आणण्याऐवजीं घरचें गव्हाचें पीठ, तूप व साखर घेऊन बेकरींतून नानकटाई भाजून आणण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. बेकरीवाल्यास फक्त भट्टीची मजुरी द्यावी लागते, आणि पोटांत काय जातें हें आपणांस ठाऊक असतें. जुनीं लुगडीं व धोतरें यांचे थर देऊन धावदोऱ्यानें शिवलेली गोधडी दहा-बारा हिवाळे काढते. विकतची रजई घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु जुनें कापड भांडेवालीस देऊन एक पातेलें घ्यावें, व मागाहून रजईस दोन हजार मोजावे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. काटकसर म्हणजे घरांतील बाईस राबवून घेण्याचा परवाना नव्हे. केंद्र शासनाच्या सांख्यिकी खात्यानें 2024 सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या बाईचीं दिवसाकांठीं सरासरी 289 मिनिटें बिनमोबदला घरकामांत जातात, व घरकामास हात लावणाऱ्या पुरुषाचीं 88. म्हणजे तिचे जवळजवळ पांच तास, व याचा दीड तास. आणि आपल्याकडील बाई हे पांच तास भरून खुरपणीसही जाते. दहा रुपये वांचविण्यासाठीं तिचा सारा दिवस जात असेल तर ती काटकसर नव्हे, उधळपट्टीच होय. उधळला तो पैसा नसून आयुष्य आहे, एवढाच फरक. सबब गांवांत डाळ भरडण्याची चक्की असेल तर जातें बाजूस ठेवावें; शेवयांचें यंत्र दोन-चार घरांनीं मिळून घ्यावें; आणि कोठ्या भरणें, पोतीं उचलणें, वाळवणाची राखण करणें हीं कामें पुरुषांनीं व मुलग्यांनीं करावींत.

घरकामाची किंमत आपल्या ध्यानांत येत नाहीं, कारण त्याचे पैसे कोणी मोजीत नाहीं. 1959 सालीं मुंबईस गिरगांवांत सात बायकांनीं ऐशीं रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून लिज्जत पापडाचा केवढा धंदा उभा राहिला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या संस्थेंत पापड लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण समजली जाते, हें मात्र थोड्यांच्या ध्यानांत असतें. पापड तोच, लाटणें तेंच. पण तेथें तो माल ठरला व आपल्या अंगणांत तो रिकामपणचा उद्योग ठरला. न्यायालयांनीं तरी ही किंमत ओळखली आहे. जमशेदपूर येथें 1989 सालीं लागलेल्या आगींत बायका-मुलें दगावलीं. त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 2001 सालीं मध्यम वयाच्या गृहिणीच्या सेवेचें मोल वर्षास 36,000 रुपये धरलें. पुढें 2021 सालीं अपघाताच्या भरपाईसंबंधीं निकाल देतांना, गृहिणीचें काम हा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीस खरा हातभार आहे, असें त्याच न्यायालयानें स्पष्ट केलें. मरणानंतर न्यायालय जिची किंमत करतें, तिची जिवंतपणीं घरानें करूं नये काय?

हातच्या कामास अक्षरांची जोड मिळाली म्हणजे काय होतें, हें पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. दौंड तालुक्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाई यांनीं जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडें लावलीं. 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील अनेक निराधार मुली व विधवा त्यांनीं आणून सांभाळल्या, आणि ‘मुक्ति’ ही संस्था उभी राहिली. 1900 च्या सुमारास तेथें आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती. संस्थेच्या धर्मविषयक कार्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. त्याविषयीं प्रत्येकाचें मत निराळें असूं शकेल. आम्हांस तेथील व्यवस्था महत्त्वाची वाटते. लिहिणें-वाचणें एकीकडे व विणकाम, शिवणकाम, बागाईत दुसरीकडे, असा भेद तेथें नव्हता. तेथील छापखानाही बायकाच चालवीत. रमाबाईंनीं 1882 सालीं ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, पुढें अमेरिकेंत राहून तेथील लोकस्थिति पाहिली व 1889 सालीं त्यावर मराठींत ग्रंथ काढला. अशा विदुषीस पेरणी, दळण व शिवण हीं हलकीं कामें वाटलीं नाहींत. 5 एप्रिल 1922 रोजीं केडगांवींच त्यांनीं देह ठेविला. ज्यांस घर नव्हतें अशा बायकांच्या हातीं आपल्याच तालुक्यांत अक्षर व हुन्नर हीं दोन्ही दिलीं गेलीं. आपल्या घरच्या लक्ष्मीस घर आहे, शेत आहे, बहुधा अक्षरही आहे. परंतु त्या अक्षराचा उपयोग करण्यास आपण कोणती वही तिच्या हातीं दिली आहे?

वाचन ही चैन आहे असें कोणी समजूं नये. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालीं निघालें, व कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 सालीं निघाली. वाटी-चमच्याच्या मापानें लिहिलेलें कमलाबाईंचें तें पुस्तक नवी सून घरांत जपून ठेवीत असे. शेतीच्या घरांत तर वाचनावर जीवही अवलंबून असतो. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. त्यांतील लाल रंग म्हणजे अत्यंत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. तो डबा बहुधा घरांतच ठेविला जातो, व पोरें घरांतच खेळतात. त्यावरील मजकूर घरांतील बाईस वाचतां आलाच पाहिजे.

आतां करावयाचें काय? पहिली गोष्ट वहीची. शंभर पानांची साधी वही घ्यावी व तिच्यांत चार रकाने आंखावे: घरचें आलें, विकत आणलें, वांचलें, वायां गेलें. बाजाराच्या दिवशीं संध्याकाळीं गृहिणीनें आपल्या हातानें नोंद करावी. लिहितां येत नसेल तर मुलीनें तिच्या सांगण्यावरून करावी. महसुली वर्ष 1 ऑगस्टास सुरू होतें. घरचें वर्ष पाडव्यास धरावें, व त्या दिवशीं सर्वांनीं बसून बेरीज करावी. ‘वांचलें’ या रकान्याची बेरीज एखाद्या एकराच्या निव्वळ उत्पन्नाजवळ गेलेली पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

दुसरी गोष्ट सात-बाऱ्याची. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील वहितीदारांत बायकांचें प्रमाण शेंकडा सुमारें 14 होतें. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें 1989 नंतर ‘लक्ष्मी मुक्ति’ची चळवळ केली, तिच्या पाठोपाठ 15 सप्टेंबर 1992 रोजीं राज्य शासनानें परिपत्रक काढलें. त्याप्रमाणें पतीनें आपल्या हयातींत, राजीखुशीनें अर्ज केल्यास, त्याच्या नांवावरील जमिनीस पत्नीचें नांव सहखातेदार म्हणून लागतें. त्यासाठीं दस्तनोंदणी व मुद्रांक यांचा भुर्दंड नाहीं. जमीन भाऊबंदांत सामाईक असल्यास मात्र आधीं वाटप करून आपला हिस्सा वेगळा करून घ्यावा.

यावर कोणी म्हणतील कीं, नवऱ्यामागें बायको वारस लागतेच. लागते, पण 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणें अनेकांपैकीं एक म्हणून. समजा, एकाच्या मालकीची चार एकर जमीन आहे, व मागें विधवा, आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. पांच हिस्से झाले, व विधवेच्या वांट्यास 32 गुंठे आले. जिनें तीस वर्षें ती शेती तोलून धरली, ती आपल्याच घरीं पांचवी हिस्सेदार ठरते. मग ती कचेरींत येते तेव्हां तिला आपला गट क्रमांकही सांगतां येत नाहीं, कारण उतारा तिनें कधीं हातांत घेतलेलाच नसतो. असे अर्ज आमच्या टेबलावरून कितीक गेले.

दुसरे म्हणतील कीं, बायकोचें नांव लागलें तर ती जमीन घालवील. पुणें-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेच्या व रांजणगांवच्या आसपासच्या जमिनी कोणीं विकल्या, हें आठवून पहावें. दलालापुढें बसून सही केली ती बहुतेक पुरुषांनीं. घरांत कळलें तें मागाहून. सात-बाऱ्यावर दोन नांवें असलीं म्हणजे तिच्या हिश्श्याच्या विक्रीस तिची सही लागते, आणि जी वर्षभर डाळ मोजून कोठींत भरते ती जमीन न मोजतां देणार नाहीं.

पुढील पाडव्याच्या आंत ज्यांची जमीन स्वतंत्र खात्यावर आहे अशा वाचकांनीं हा अर्ज द्यावा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढावा, व तो घरच्या वहींतच जपून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.