नऊ तारीख आणि पंधरा तारीख

परदेशातल्या 15 ऑगस्टची एक सोय असते, तो रविवारी येतो! 2023 साली मी ऑनसाइट न्यू जर्सीत होतो. न्यूयॉर्कला मॅडिसन अव्हेन्यूवर ऑगस्टातल्या एका रविवारी इंडिया डे परेड निघते. तिथे स्वयंसेवकाचा टी-शर्ट घालून दिवसभर पाण्याच्या बाटल्या वाटल्या, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. एकही अवघड प्रश्न पडला नाही. इतक्या लांबून देश कसा छान, सलग दिसतो.

परत आल्यावर वीकेंडला पवन मावळातल्या एका जिल्हा परिषद शाळेत कॉम्प्युटर शिकवायला जायला लागलो. गेल्या 15 ऑगस्टला तिथल्या सरांनी झेंडावंदनाला बोलावलं. चिखलातून प्रभातफेरी, भिजलेले गणवेश, लिमलेटच्या गोळ्या, सगळं अगदी लहानपणीसारखं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उत्साहाच्या भरात म्हणालो, "मी निगडीचा, म्हणजे तुमच्याच पवनेचं पाणी पिऊन मोठा झालोय!" मुलं हसली. मागे एक आजोबा उभे होते, ते नाही हसले. नंतर चहा घेताना म्हणाले, "सर, नऊ तारखेला यायला पायजे होतं तुमी."

नऊ ऑगस्ट म्हटलं की आपल्याला 1942 आठवतं, गवालिया टँक वगैरे. मावळात त्याच तारखेला 2011 आठवतं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइनने पाणी न्यायच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले होते. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे, तिघे गेले. मी तेव्हा आठवीत होतो. टीव्हीवरची पळापळ आठवते, आणि बाबांचं वाक्यही, "आता आपल्या पाण्याचं काय?" बाबा वाईट माणूस नाहीत हो. आमच्या घरी तो प्रश्न तेवढाच होता, इतकंच.

आता इंजिनियर म्हणून बोलायचं तर बंद पाइप मला चुकीचा वाटत नाही. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथे उचलतात. वाटेत ते घाण होतं, थोडं उडून जातं. पण वाटेतच काठावरचे पंपही त्यावर चालतात. पाणी पाइपात गेलं तर नदीत काय उरणार, ही शेतकऱ्यांची भीती. धरणात जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसन अनेक दशकं रखडलेलं पाहिल्यावर त्यांनी आश्वासनावर विश्वास ठेवायचा तरी कसा? आमच्याकडे क्लायंटला न विचारता रिक्वायरमेंट फ्रीझ केली तर किती बोंबाबोंब होते!

येताना दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला आलो. भुशी डॅमकडे गाड्यांची रांग, बॉनेटवर तिरंगे, डिकीत स्पीकर. दोन वर्षांपूर्वी मीही त्याच रांगेत असायचो, त्यामुळे नाकं मुरडत नाही. तसाही दीड तास तिथेच अडकलो होतो, मुरडून जाणार कुठे :)

पण तेवढ्या वेळात एक ठरवलं. आमच्या सोसायटीत झेंडावंदनाला दरवर्षी हुतात्म्यांची नावं घेतात. त्यात ही तीन नावंही घ्यायची. पाणी आपण पितो, तर आपणच घ्यायला हवीत. "पण ते स्वातंत्र्यासाठी कुठे गेले?" असं तुमच्यापैकी कोणीतरी म्हणणारच. मान्य. पण आपल्या नदीचं काय होणार हे आपल्याला विचारलं जावं, एवढंच ते मागत होते. ते स्वातंत्र्यात बसत नसेल तर मग काय बसतं?

कमिटीला मेल टाकली. उत्तर आलं, "राजकीय विषय नकोत." पुढच्या मीटिंगला पुन्हा मांडणार आहे. त्या दिवशीच्या अजेंड्यावर पहिला विषय टँकरच्या बिलाचा आहे.