पत्रे उडण्याआधी

चक्रीवादळ ही किनाऱ्याची गोष्ट, हा समज ३ जून २०२० रोजी मोडला. अलिबागच्या दक्षिणेला धडकलेले ‘निसर्ग’ सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले. कोकणात छपरे उडाली, पाठोपाठ पत्र्यांचा तुटवडा पडला. काही गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मदतीचे पैसे मंजूर झाले तरी भर पावसात पत्रा, ताडपत्री आणि गवंडी कुठून आणायचे?

भोर तालुक्यातल्या आंबवड्यासारख्या घाटाजवळच्या गावांनी हा धडा आपलाच मानावा. वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर खेचतो. सर्वांत जास्त ओढ कडांना आणि आढ्याला बसते. म्हणून तिथे हूक-बोल्ट कमी अंतरावर हवेत आणि वासे भिंतीला पक्के बांधलेले हवेत. पत्र्यावर दगड ठेवणे हा उपाय नव्हे. उडालेला दगड जीव घेतो.

निवाऱ्याची इमारत, साहित्याचे ठरलेले दर, सुतार-गवंड्यांची यादी, रस्त्यावरची झाडे कापायची यंत्रे हे सारे मे महिन्यातच ठरायला हवे. ग्रामपंचायतींनो, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. सुरुवात शाळेच्या छपरापासून करा.