कमी गर्दीची बोट: काय मिळते, काय राहून जाते



एका वाचक भगिनीने पत्रात विचारले आहे, "सुट्टी संपल्यावर क्रूझचे तिकीट बरेच स्वस्त मिळते आहे. एजंट म्हणतो, गर्दी अजिबात नाही. मुलांना आणि सासूबाईंना घेऊन जावे का? गर्दी नसली म्हणजे तिथे नेमके काय असते?"

गेल्या जानेवारीच्या शेवटी आम्ही हेच केले होते. सोमवारी मुंबईहून निघून गोवा करून गुरुवारी परत. आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, नणंद आणि माझे सासरे. अब्बा रत्नागिरीकडचे. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढली, सुकाणी म्हणून निवृत्त झाले. इतकी वर्षे दर्यावर काढून प्रवासी म्हणून ते कधी बोटीवर चढले नव्हते. त्यांना एकदा तसे न्यावे, ही आमची नियत होती. मुलांची चार दिवस शाळा बुडाली, हेही सांगून टाकते. कमी गर्दीच्या सफरीची पहिली किंमत हीच असते.

कमी गर्दी म्हणजे किती?

क्रूझच्या धंद्यात एका केबिनला दोन माणसे धरून हिशेब करतात. प्रत्येक केबिनमध्ये दोघे असले की बोट शंभर टक्के भरली. मुले तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर झोपतात, म्हणून मे महिन्यात किंवा नाताळात हाच आकडा शंभराच्याही वर जातो. एजंट "अर्धी रिकामी" म्हणतो ते या हिशेबाने.

गर्दी कमी असण्याचेही दोन प्रकार असतात. कोरोनाच्या साथीत सिंगापूरहून नोव्हेंबर २०२० पासून बोटी निम्म्याच प्रवाशांना घेऊन निघत, कुठल्याही बंदराला न लागता फिरून परत येत. तिथे माणसे कमी घ्यायची हे आधीच ठरलेले होते आणि सारी व्यवस्था त्याप्रमाणे आखलेली होती. आपल्याकडे आडदिवसांत बोट रिकामी राहते ती तिकिटे खपली नाहीत म्हणून. मग कंपनी खर्च आवरते. काय चालू ठेवायचे आणि काय बंद, हे शेवटच्या आठवड्यातही बदलू शकते. जाहिरातीचे पुस्तक मात्र भरलेल्या बोटीचेच असते.

सुखाचे काय झाले

बॅलार्ड पिअरला सामान देणे, कागद दाखवणे, केबिनची चावी घेणे, सगळे तासाभराच्या आत आटोपले. अब्बांच्या गुडघ्यांना रांगेत उभे राहणे जमत नाही, त्यामुळे हा फार मोठा दिलासा होता. लिफ्टसाठी थांबावे लागले नाही. जेवणाला हवे ते टेबल मिळाले आणि दुसऱ्या दिवसापासून वाढणारा मुलगा अब्बांसाठी न सांगता बिनसाखरेचा चहा आणू लागला.

नमाजची सोय तर आम्हाला वाटली नव्हती इतकी छान झाली. मी स्वागत कक्षात विचारले, तेव्हा त्यांनी बैठकांसाठी असलेली एक छोटी खोली दाखवली. भरलेल्या सफरीत ती रिकामी नसते म्हणे. आणखी दोन कुटुंबे होती. फजरला आणि मगरिबला जमात होऊ लागली. ड्युटी संपलेले दोघे-तिघे खलाशीही येत.

किब्ल्याची अडचण अब्बांनी सोडवली. मुंबईच्या या पट्ट्यातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. बोट दक्षिणेला गोव्याकडे जाते तेव्हा तो उजव्या हाताला येतो आणि परतीला डाव्या हाताला. पण बोट वळण घेते, म्हणून प्रत्येक नमाजपूर्वी होकायंत्र पाहावे. अंतर कस्रच्या हद्दीपेक्षा कितीतरी जास्त असल्याने आम्ही चारऐवजी दोन रकात अदा केल्या. आम्ही शाफई, त्यामुळे जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्रही केल्या. हनफी कुटुंबांनी कस्र केली, पण प्रत्येक नमाज आपापल्या वेळेवर. आपल्या मसलकाप्रमाणे काय करायचे, ते निघण्यापूर्वीच इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

नणंदेला मुळात यायचेच नव्हते. "जिथे दारू आणि जुगार चालतो, तिथे पैसे मोजून कशाला जायचे?" असे तिचे म्हणणे. बोट रिकामी असली तरी कॅसिनो आणि बार उघडेच होते, हे मी लपवणार नाही. आम्ही पहिल्याच दिवशी जिने पाहून ठेवले आणि जेवायला जाता-येताना त्या मजल्यावरून जायचे टाळले. पोहण्याचा तलाव सकाळी तासभर मोकळा असे, तेव्हा मुलगी पूर्ण अंगभर पोशाखात निवांत पोहली. नणंदेचा आक्षेप त्याने संपला नाही. पुढच्या वेळी येणार नाही, असे ती अजूनही म्हणते आणि तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. प्रत्येक घराने हा निर्णय आपल्या मनाला विचारून घ्यावा.

काय बंद होते

तीनपैकी एक उपाहारगृह बंद होते. रात्री दोन खेळांऐवजी एकच, तोही मुलांच्या झोपेच्या वेळी. जादूचा कार्यक्रम रद्द. मुलांच्या खोलीत वयाप्रमाणे गट असतात, पण मुले थोडी म्हणून सगळ्यांना एकत्र केलेले. आमचा पाच वर्षांचा, बाकी मुले दहा-बारा वर्षांची. पहिल्याच संध्याकाळी तो रडत परत आला.

जेवणाचा मुद्दा नीट वाचा. एजंटने फोनवर "सगळे हलाल आहे, काळजी करू नका" असे सांगितले होते. बोटीवर मुख्य आचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की कोंबडी हलाल आहे, बाकी मांसाची खात्री देता येणार नाही. शिवाय माणसे कमी म्हणून बुफेची वेगवेगळी टेबले एकत्र केलेली. सगळे पदार्थ शेजारीशेजारी, आणि लोक एकाच चिमट्याने इकडचे-तिकडचे उचलत होते. मग आम्ही बुफेवरून फळे आणि पावच घेतले. आमचे जेवण तो स्वयंपाकघरातून वेगळे पाठवू लागला. मासे, डाळ, भाजी, अंडी. गर्दी असती तर एका कुटुंबासाठी त्याला हे जमले असते का, शंका आहे. पण आम्ही विचारले नसते तर कोणी आपणहून सांगितले नसते.

गोव्यात मुरगाव बंदरावरून निघणारी बससहल किमान संख्या भरली नाही म्हणून रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण अर्धा दिवस हातात आणि ठरलेले काही नाही. आम्ही टॅक्सी करून फोंड्याला साफा मशीद पाहायला गेलो. आदिलशाही काळातली, १५६० च्या सुमाराची, लहानशी आणि शांत. शेजारी दगडी बांधणीचा मोठा तलाव. अब्बा त्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. बससहलीत ही मशीद नव्हती, म्हणून सहल रद्द झाली त्याचा पस्तावा वाटला नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. आपण स्वतःच्या टॅक्सीने गेलो तर थांबत नाही. आम्ही दीड तास आधी परतलो.

ती पंधरा मिनिटे

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला.

बोट सुटण्यापूर्वी सुरक्षेचे ड्रिल असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. तो वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आदळून ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचे ड्रिल व्हायचे बाकी होते. २०१५ पासून नियम असा की ड्रिल बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झालेच पाहिजे. माणसे कमी म्हणून आमचे ड्रिल झटपट उरकले. मुले हसत होती. अब्बा एरवी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "बोट भरलेली असो की रिकामी, दर्या तोच असतो," म्हणाले. केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंतची वाट त्यांनी सगळ्यांकडून दोनदा चालवून घेतली आणि मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट मागून घेतले.

मुलीने त्यांना विचारले, बोट रिकामी असली की जास्त हलते का? ते म्हणाले, पाचशे माणसांचे वजन चाळीस टनांच्या आत, बोट स्वतः हजारो टनांची. तोल सांभाळायला टाक्यांत पाणी भरतात. तिला कळतही नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली केबिन घ्यावी, गर्दी असो वा नसो.

दुसऱ्या दिवशी बोट दिवसभर समुद्रात होती. दुपारी मी वुजू करत होते, हे झोपले होते. नणंदेला वाटले मुलगा माझ्याजवळ आहे, मला वाटले तिच्याजवळ. दार आतून उघडून तो बाहेर गेला होता.

बाहेर लांबच लांब बोळ, एकसारखी दारे, एकही माणूस नाही. भरलेल्या बोटीवर एकट्या पोराला पाहून कोणीतरी हटकले असते, "बाळा, अम्मी कुठे?" असे विचारले असते. इथे विचारायला कोणी नव्हते. वरचा डेक रिकामा, खुर्च्या रिकाम्या. मी हाका मारत धावत होते आणि उत्तराला फक्त वाऱ्याचा आवाज. कठड्याकडे बघवत नव्हते. पंधरा मिनिटे झाली असतील. आयुष्यात इतकी लांब पंधरा मिनिटे मी पाहिली नाहीत.

मुलगा सापडला तो तीन मजले खाली. केबिन साफ करणाऱ्या एका माणसाने त्याला बोळात पाहिले, बोट धरून स्वागत कक्षात आणले आणि आम्ही येईपर्यंत आपले काम सोडून त्याच्याजवळ बसून राहिला. अलहम्दुलिल्लाह.

संध्याकाळी अब्बा त्याचे आभार मानायला गेले. तो निघाला रत्नागिरी जिल्ह्यातलाच. दोघे आपल्या बोलीत तासभर बोलत बसले. प्रवासी कमी असले की आराम असेल, असे मला वाटत होते. त्याने सांगितले तसे नसते. माणसे कमी आली की त्यांच्याकडून मिळणारी बक्षिसी कमी होते. घासायचा डेक, पुसायचे बोळ आणि द्यायचा पहारा मात्र तेवढाच. काही सोबत्यांना सुट्टीवर पाठवलेले, त्यांच्या वाटची केबिनेही याच्याकडे. अब्बा परतले ते गप्पच. रात्री म्हणाले, "तीस वर्षे मी खालूनच बोट पाहिली. आज वरून पाहतोय, तरी माझी माणसे खालीच आहेत." उतरताना त्यांनी स्वतःच्या खिशातून त्याला पाकीट दिले. किती, ते आम्हाला सांगितले नाही.

निघण्यापूर्वी एवढे करा

• पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: कोणती उपाहारगृहे, खेळ आणि मुलांचे कार्यक्रम चालू असतील? सहल रद्द झाली तर पैसे कसे आणि कधी परत?

• हलालबद्दल एजंटच्या शब्दावर राहू नका. कंपनीकडून लेखी घ्या आणि चढल्यावर मुख्य आचाऱ्याला भेटा.

• जानमाज, होकायंत्र आणि लोटा बरोबर ठेवा. प्रत्येक न्हाणीघरात पाण्याची वेगळी नळी असेलच असे नाही.

• घरात गरोदर बाई किंवा तान्हे बाळ असेल तर आधी नियम पाहा. २४ आठवड्यांपुढच्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

• लहान मुलाच्या खिशात केबिनचा नंबर आणि नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कोणत्या वेळी मूल कोणाकडे, हे तोंडाने बोलून ठरवा. "तिच्याजवळ असेल" यावर राहू नका.

• सेवा करणाऱ्यांसाठी बक्षिसीची रक्कम घरूनच वेगळी काढून ठेवा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझे उत्तर असे: सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणि निवांत नमाजसाठी जायचे असेल तर कमी गर्दीची बोट चांगली. मुलांना खेळतमाशे दाखवायचे असतील तर दोन पैसे जास्त देऊन सुट्टीतच जा. आणि जाल तेव्हा हे लक्षात ठेवा की गर्दी आपल्याला त्रास देते, पण आपल्या पोरांवर नजरही ठेवते. ती नसली की ती नजर आपली आपल्यालाच ठेवावी लागते.

अल्लाह तुमची सफर सुखाची करो. अल्लाह हाफिज.