वारूळ, उपमा आणि इमारत

पर्यावरणपूरक वास्तुकलेच्या चर्चेत ‘निसर्गाचे अनुकरण’ हा शब्दप्रयोग अलीकडे सर्रास आढळतो. त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे झिम्बाब्वेच्या राजधानीतील, हरारे येथील ईस्टगेट सेंटर. वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांची ही इमारत १९९६ साली उभी राहिली. नेहमीची वातानुकूलन यंत्रणा तीत नाही. रात्रीची गार हवा पंख्यांनी आत ओढून मजल्यांमधील पोकळ्यांतून खेळवली जाते. रात्रभर निवालेले जड काँक्रीट दिवसाची उष्णता शोषून घेते आणि तापलेली हवा उंच धुराड्यांतून बाहेर पडते. ही कल्पना वाळवीच्या वारुळावरून सुचली.

वाळवी वारुळात वारा खेळवून घरट्याचे तापमान स्थिर राखते, असा तेव्हा समज होता. पुढे स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोर यांनी नामिबियातील वारुळांच्या अभ्यासावरून २००८ साली निराळे चित्र मांडले. जमिनीखालील घरट्याचे तापमान भोवतालच्या मातीप्रमाणे ऋतूंनुसार बदलते. वरचे वारूळ काम करते ते फुप्फुसाचे: प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांची देवघेव वाऱ्याच्या चढउतारांवर चालते.

म्हणजे उपमेय आणि उपमान यांतले गृहीत साधर्म्यच डळमळले. इमारत मात्र चालते आहे. साहित्याच्या अभ्यासकांना यात विसंगती वाटू नये. उपमा निर्मितीला चालना देते, पण ती पुरावा नव्हे, हे आपण वर्गात शिकवतोच. पिअर्स यांना उपमेने वाट दाखवली, एवढे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

आमचा आक्षेप आहे तो उपमेलाच कारण मानण्याला. ईस्टगेट गार राहते ते समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील हरारेच्या थंड रात्रींमुळे आणि बांधकामाच्या वस्तुमानामुळे. वारुळाचे कौतुक करताना हे स्थानिक कारण नजरेआड होते. मुंबईच्या दमट, उबदार रात्रीत तीच रचना जशीच्या तशी उचलली, तर तिच्यापाशी साठवायला गारवाच नसेल.

वाळवीपासून शिकण्याजोगे अजूनही पुष्कळ आहे. वारूळ कधीच पूर्ण होत नाही; आतले रहिवासी ते सतत डागडुजी करीत, बदलत राहतात. पण हा धडा घ्यायचा, तर आधी वारूळ नीट वाचावे लागेल. शास्त्रज्ञांइतकीच ही जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांचीही आहे, असे आम्हांस वाटते.