कथेचे घटक आणि परागंदा निवेदक

मराठीतील कथासमीक्षा अध्यापनाचा विचार करते तेव्हा तो बहुधा पदवीच्या वर्गापासून सुरू होतो. वस्तुतः कथा कशी वाचावी याचे पहिले आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत अखेरचे शिक्षण कनिष्ठ महाविद्यालयातच मिळते. बारावीनंतर विज्ञान, वाणिज्य किंवा औद्योगिक प्रशिक्षणाच्या वाटेने गेलेला विद्यार्थी पुन्हा कथेच्या वर्गात येत नाही. महाड-पोलादपूरच्या बारावीत मराठीच्या तासाला कथेचे काय होते, हा म्हणूनच समीक्षेच्या परिघावरचा प्रश्न नव्हे.

२०२०-२१ पासून लागू झालेल्या बारावीच्या 'युवकभारती'त कथा या साहित्यप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला. प्रकाराचा परिचय आणि त्यासोबत व. पु. काळे यांची 'शोध' व प्रतिमा इंगोले यांची 'गढी' अशा दोन कथा, असे त्याचे स्वरूप आहे. ऐंशी गुणांच्या लेखी परीक्षेत त्याचा वाटा दहा गुणांचा. कथेकडे साहित्यप्रकार म्हणून पाहण्याची ही सोय स्वागतार्हच होती. परंतु वर्गात आणि मार्गदर्शिकांत तिचे रूपांतर एका यादीत झाले: कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. विद्यार्थ्याने प्रत्येक घटकाची व्याख्या पाठ करायची आणि दिलेल्या कथेतून एकेक उदाहरण त्या खणात टाकायचे. या यादीत एकाचा पत्ता नसतो, आणि तो म्हणजे कथा सांगणारा. निवेदक आलाच तर 'प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी' एवढ्या एका शिक्क्यापुरता येतो व लगेच निरोप घेतो.

ही यादी निरुपद्रवी नाही. कथेतून निवेदक वजा केला की उरतो तो वृत्तांत: काय घडले, कुणाच्या बाबतीत, कुठे, आणि त्यातून काय शिकावे. अहवाल आणि वृत्तलेख हे दोन लेखनप्रकार त्याच पाठ्यपुस्तकात उपयोजित मराठीच्या विभागात शिकवले जातात. तिथे लिहिणाऱ्याने स्वतःला मागे ठेवावे, ही अपेक्षा योग्यच आहे. मात्र कथाही त्याच रीतीने वाचायला लावली, तर साहित्यप्रकार म्हणून तिला वेगळा विभाग देण्याचे प्रयोजनच संपते.

या पद्धतीची वंशावळ तपासण्यासारखी आहे. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन'ने (१९३१) लेखनतंत्राचा जो विचार रूढ केला तो मुख्यतः लिहू इच्छिणाऱ्यासाठी होता. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने तंत्राचे ते वर्चस्व झुगारले, त्यालाही आता पाऊणशे वर्षे होत आली. तरीही लेखकासाठी सांगितलेले तंत्र वाचकाच्या माथी मारण्याचा उद्योग थांबलेला नाही. त्याचा दोष केवळ शाळामास्तरांवर ढकलता येणार नाही. कथाकारांवरील कितीतरी प्रबंधांची प्रकरणे याच यादीबरहुकूम पाडलेली असतात. वेन बूथने निवेदकाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न १९६१ साली मांडला, मराठीतही निवेदनविचाराची चर्चा दीर्घकाळ झाली. पण ती चर्चा करणारेच प्रश्नपत्रिका काढायला बसले की 'पात्रचित्रणाची वैशिष्ट्ये लिहा' असे लिहून मोकळे होतात. बारावीची यादी ही विद्यापीठाचीच उष्टावळ आहे.

यादीचा पराभव कुठे होतो हे पाहण्यासाठी महाडला सर्वांत जवळची कथा घ्यावी: बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्याच नावाच्या १९६३ सालच्या संग्रहातील ही कथा पाठ्यपुस्तकात नाही. ती पूरक वाचन म्हणून महाडच्या वर्गात यावी. रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला दलित तरुण आपली जात उघड करीत नाही, मान मिळवतो, आणि जात कळताच मार खातो. घटकांच्या खणांत ही कथा सुबक बसते. वातावरण उधन्याचे, संघर्ष जातीचा, संदेश विषमता नष्ट व्हावी हा. उत्तर पूर्ण, गुण पूर्ण, आणि कथा न वाचताही हे सारे लिहिता येते.

आता नुसते शीर्षक वाचावे. 'जेव्हा' या शब्दाने सुरू झालेले हे गौण वाक्य आहे. त्याचे 'तेव्हा' शीर्षकात नाही. ते प्रधान वाक्य म्हणजे पुढची सारी कथा. 'चोरली होती' या पूर्ण भूतकाळाने सांगणारा 'मी' आणि भोगणारा 'मी' यांच्यात अंतर पाडले आहे. राहिले क्रियापद. मराठीत चोरणे म्हणजे परक्याची वस्तू पळवणे, तसेच आपले स्वतःचे काही राखून, आवरून धरणे. अंग चोरणारा माणूस कुणाच्या घरात शिरत नाही. तो स्वतःलाच आक्रसून घेतो. जात चोरणे या प्रयोगात हे दोन्ही अर्थ एकमेकांत अडकले आहेत. भोगणाऱ्याच्या बाजूने ते अंग चोरणे आहे, मारणाऱ्यांच्या लेखी चोरी. निवेदक आपल्यावरच्या आरोपाचाच शब्द उचलून आपली हकिकत सांगतो. तो शब्द त्याने कबुली म्हणून स्वीकारला की उपरोधाने परतवला, हा या कथेच्या वाचनातला खरा प्रश्न आहे. तो कोणत्याही घटकाच्या खणात मावत नाही. त्यासाठी लागणारे व्याकरण मात्र बारावीच्या विद्यार्थ्याजवळ असते. त्याच परीक्षेत तो वाक्यप्रकार ओळखून गुण मिळवतो. ते ज्ञान कथेकडे वळवायला त्याला कुणी सांगत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचा आक्षेप येतो. महाडमध्ये ही कथा इतिहासाच्या प्रकाशातच वाचली पाहिजे, रूपाची चिकित्सा हा चैनीचा भाग आहे, असे आशयवादी म्हणतील. इतिहास हवाच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि २५ डिसेंबरला याच गावात मनुस्मृती जाळण्यात आली. बागुलांच्या कथेच्या अखेरीस मार खाल्लेला तरुण आपल्याला मारणारा म्हणून समोरच्या माणसांचे नव्हे, मनूचे नाव घेतो. हा संबंध महाडच्या विद्यार्थ्याला सांगावाही लागू नये. पण तो संबंध सांगून थांबणारे अध्यापन कथेला वर्धापनदिनाच्या भाषणाची पुरवणी करते. महाडला हजारोंच्या समुदायाने उघडपणे केलेली कृती आणि छत्तीस वर्षांनंतरच्या कथेतला, भाड्याच्या जागेत एकट्याने नाव-गाव सांभाळत राहिलेला माणूस यांत जो ताण आहे, तो 'आम्ही' आणि 'मी' यांतला ताण आहे. परिषदेचा इतिहास 'आम्ही'चा आहे. एकट्याच्या 'मी'ला जे लपवावे लागते ते कथेलाच सांगता येते. ते सांगण्याची रीत वगळून नुसता आशय हाती घेणारा आशयही गमावतो.

तिसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ वाटतो आणि म्हणून अधिक घातक आहे. पोलादपूरच्या वाड्यांतून येणारा, घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेला विद्यार्थी 'निवेदक' वगैरे पेलू शकणार नाही, त्याला यादीचाच आधार हवा, असे म्हटले जाते. हे कारुण्य नव्हे, ही तुच्छता आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळली. या दोन्ही घटना या मुलखाने दोन प्रकारे ऐकल्या आहेत: बातमीतून, आणि माणसांच्या तोंडून. तीच घटना वाचलेला माणूस एका रीतीने सांगतो, मुंबईहून धावत आलेला नातलग दुसऱ्या रीतीने, आणि कुणी एक जण ठरावीक जागी येऊन गप्प होतो. सांगणारा बदलला की सांगितलेले बदलते, हे ज्ञान या विद्यार्थ्याजवळ आधीपासून आहे. त्याला संज्ञा पुरवणे एवढेच शिक्षकाचे काम. यादी मात्र त्याला हे ज्ञान वर्गाबाहेर ठेवून यायला सांगते.

परीक्षेची अडचण खरी आहे. तपासणाऱ्यांना एकसारखी उत्तरे सोयीची असतात आणि भरलेल्या वर्गात मोकळी चर्चा अवघड जाते. तरी दहांतले चार गुण अपरिचित कथेच्या एका उताऱ्याला देता येतील, आणि प्रश्न तीनच पुरेत. हे कोण, कुणाला सांगत आहे? सांगणाऱ्याने काय राखून ठेवले आहे? उताऱ्यातला कोणता शब्द दुसऱ्याच्या तोंडचा आहे? 'गढी' शिकवतानाही वऱ्हाडी बोली हे भाषाशैलीचे उदाहरण म्हणून नोंदवण्याऐवजी ती कुणाच्या तोंडी आहे आणि निवेदन कोणत्या भाषेत आहे, हे विचारता येईल. या प्रश्नांची उत्तरे पाठ करता येत नाहीत, पण उताऱ्यातल्या शब्दांवर बोट ठेवून तपासता येतात. 'पात्रचित्रणाची वैशिष्ट्ये' तपासण्यापेक्षा हे काम कठीण नाही; त्यासाठी तपासणाऱ्यालाही उतारा वाचावा लागेल, इतकेच.