शेजारचें पत्रक आणि घरांचा व्यापार

१९२० सालीं किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' नांवाचें एक लहानसें पत्रक निघूं लागलें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस निदान ऐकून तरी ठाऊक असेल. वाडी त्या वेळीं औंध संस्थानांत होती. आज ती सांगली जिल्ह्यांत मोडते. लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याचें तें पत्रक. आपला माल गिऱ्हाइकांस व अडत्यांस परिचित व्हावा हा त्याचा हेतु अगदीं उघड होता, आणि तो कोणी लपविलाही नाहीं. परंतु शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनीं त्यांत इतका वाचनीय मजकूर भरला कीं नांगराशीं ज्यांचा जन्मांत संबंध आला नाहीं अशा घरांतूनही त्याची वाट पाहिली जाऊं लागली. १९२९ सालीं 'खबर' हा शब्द गळून तें 'किर्लोस्कर' मासिक झालें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं त्याचीं भावंडें जन्मास आलीं. ज्या मासिकांनीं महाराष्ट्रांतील माजघरांस वाचनाची गोडी लाविली त्यांचें बीज एका मालाच्या जाहिरातींत होतें. तेव्हां व्यापाऱ्यानें काढलें म्हणून एखादें पत्रक त्याज्य ठरत नाहीं, एवढें आरंभींच मान्य करून पुढें जाऊं.

अमेरिकेंत 'जॉन डीअर' या नांगराच्याच कारखान्यानें १८९५ सालीं शेतकऱ्यांसाठीं 'फरो', म्हणजे नांगराचा तास, नांवाचें नियतकालिक सुरू केलें; तें अद्यापि चालू आहे. पण आमच्या आजच्या विषयास अधिक जवळचें उदाहरण लंडनचें. तेथील मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीजवळ आपल्या मार्गालगत पुष्कळ जमीन शिल्लक होती. त्या जमिनीवर घरें उठावीं, घरांत माणसें यावींत आणि माणसांनीं रोज त्याच गाडीनें लंडनास जावें, या तिहेरी लाभासाठीं कंपनीनें १९१५ पासून १९३२ पर्यंत दरसाल 'मेट्रोलँड' नांवाची सचित्र पुस्तिका काढली. तींत फुलझाडें, पायवाटा, जुनीं देवळें आणि टुमदार बंगल्या यांचीं अशीं रसभरित वर्णनें असत कीं वाचणारा मनानें आधींच तेथें राहावयास जाई. पुढें तेथें इतकीं घरें झालीं कीं ज्या रानाच्या वर्णनास भुलून लोक आले तें रान पुष्कळ ठिकाणीं उरलें नाहीं. घरांचा व्यापार आणि वर्णनाची कला यांचें सख्य असें जुनें आहे.

आतां आमच्या राजारामपुरीकडे वळूं. बाहेरगांवच्या वाचकांस सांगितलें पाहिजे कीं या पेठेच्या गल्ल्यांस नांवें नसून क्रमांक आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असा हिशेब. आमच्या अनुभवांत येथल्या मनुष्याची ओळख आडनांवाआधीं गल्लीच्या आंकड्यानें होते. पुढें अंगण, कुंपणाशीं पारिजातक, मागें विहीर किंवा हौद, अशीं दुमजली घरें एके काळीं येथें पुष्कळ होतीं. त्यांतील कित्येकांच्या जागीं आतां चारमजली इमारती उभ्या आहेत, आणि जीं उरलीं आहेत त्यांच्यावर अनेकांची नजर आहे. गेलीं दोन-तीन वर्षें येथील कांहीं गल्ल्यांतून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत दुधाच्या पिशवीबरोबर एक चारपानी पत्रक दारांत पडूं लागलें आहे. त्यांत महिन्याचे सणवार, नळास पाणी येण्याच्या वेळा, दहावीच्या परीक्षेंत यश मिळविणाऱ्या मुलांचीं नांवें, एखादी पाककृति, मुंजी व लग्नें यांचीं अभिनंदनें आणि दिवंगतांस श्रद्धांजलि इतका मजकूर असतो. शेवटचें पान मात्र सबंध घरांचें. नवीन इमारतीचें रंगीत चित्र, आणि खालीं एक ओळ: जुनीं घरें व मोकळ्या जागा योग्य किमतीस घेतल्या जातील. प्रकाशक म्हणून कोणाचेंच नांव नाहीं. 'आपला शेजारी' एवढीच सही.

या शेजाऱ्याचा शोध आम्हांस करावा लागला नाहीं, कारण एके दिवशीं तो आपण होऊनच आला. आमचाच जुना विद्यार्थी. शाळेंत संस्कृतांत बरा होता, गणितांत त्याहून बरा. आतां जागांचे व्यवहार जुळवितो आणि त्यांत त्याचा जम बसला आहे. दरमहा एक सुभाषित अर्थासह लिहून द्यावें अशी त्याची विनंति होती. आम्हीं विचारलें, "अरे, घरें विकणाऱ्यास सुभाषित कशाला?" त्यावर त्यानें जें उत्तर दिलें तें मोकळेपणाचें होतें. "गुरुजी, घर मनुष्य जन्मांत एकदां विकतो, फार तर दोनदां. तो दिवस कोणता हें मला आधीं कसें कळणार? म्हणून दहा वर्षें त्याच्या दारांत जात राहावयाचें. तो दिवस उगवला कीं त्याच्या तोंडीं माझेंच नांव यावें."

ही युक्ति त्याची स्वतःची नव्हे. अमेरिकेंत घरांच्या मध्यस्थांनीं ती पुष्कळ वर्षें चालविली आहे. एखादी वस्ती निवडावयाची, तेथील कांहींशें घरांस नेमानें पत्रक पाठवीत राहावयाचें, आणि पीक येईपर्यंत धीर धरावयाचा. या उद्योगास तेथें चक्क 'शेती' असेंच नांव आहे. परदेशीं गेलेल्या आमच्या मंडळींसही ती परकी नाहीं. तेथील महाराष्ट्र मंडळांच्या अंकांतून दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर मराठी मध्यस्थांच्या जाहिराती असतात. धीर हा गुण आहे आणि ज्या व्यापाऱ्यास धीर आहे तो पुष्कळदां प्रामाणिकही निघतो, कारण दहा वर्षें त्याच गल्लींत तोंड दाखवावयाचें असतें. म्हणून सुभाषित देण्यास आमची हरकत नव्हती. हरकत होती ती तिसऱ्या पानास.

तिसऱ्या पानावर श्रद्धांजलि असते. या वर्षीं आमच्या मागल्या गल्लींतील एक गृहस्थ वारले. पत्रकांत त्यांचें छायाचित्र आलें, चार चांगले शब्द आले, आणि त्याबरोबर घराचा पत्ता, एक मुलगा पुण्यास व एक परदेशीं असतो, आणि काकू आतां एकट्याच असतात, हेंही आलें. मजकूर सहानुभूतीनेंच लिहिलेला होता. पण तेरावा होण्याच्या आधींच दोन अनोळखी गृहस्थ काकूंच्या दारीं येऊन बसले. एकानें तर बरोबर संचकारपत्राचा कागद आणला होता. आमचा विद्यार्थी त्या दोघांत नव्हता. तें आम्ही त्याच्या बाजूनें सांगतों. परंतु त्याचें पत्रक वाचूनच ते आले होते, हें त्यांनीं स्वतः काकूंस सांगितलें. शेजारी शेजाऱ्याची बातमी शेजाऱ्यास सांगतो तेव्हां ती गल्लींत राहते. छापून वाटली कीं ती बाजारांत जाते. आम्हीं त्यास विचारलें, "हें पान काढून टाकशील काय?" तो म्हणाला, "गुरुजी, लोक आधीं तेंच पान उघडतात." दुर्दैवानें हें खरें आहे, आम्हीही तेंच आधीं उघडतों.

शेवटच्या पानाविषयींही बोलणें निघालें. इमारतीचें चित्र मोठें, पण नोंदणीचा क्रमांक कोठेंच नाहीं. तो म्हणाला, "ही जाहिरात नव्हे, स्नेहपत्र आहे." हा बचाव कायद्यापुढें टिकत नाहीं. २०१६ सालीं संसदेनें स्थावर संपदेविषयीं जो अधिनियम केला, ज्यास लोक 'रेरा' म्हणतात, त्यांत जाहिरात या शब्दाची व्याख्या मुद्दामच रुंद ठेविली आहे. नोटीस, परिपत्रक आणि कोणत्याही रूपांतील प्रसिद्धि तींत येते. नोंदणी झाल्यावांचून इमारतीची जाहिरात करतां येत नाहीं. जाहिरातींत नोंदणीचा क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो. आणि महाराष्ट्रांत १ ऑगस्ट २०२३ पासून 'क्यूआर कोड' नांवाचें चौकोनी चिन्हही छापावें लागतें. तें नातवाच्या फोनसमोर धरलें कीं त्या इमारतीची सारी नोंद डोळ्यांसमोर येते. जाहिरातींतील खोट्या विधानावर विसंबून कोणाचें नुकसान झालें तर भरपाई मागतां येते, व व्यवहारांतून अंग काढून घ्यावयाचें असल्यास रक्कम व्याजासह परत मागतां येते. नोंदलेला करार झाल्यावांचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बांधणाऱ्यास मनाई आहे. अशा इमारतींतील जागा विकून देणाऱ्या मध्यस्थासही स्वतःची नोंदणी करावी लागते.

येथें एक पळवाट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण ती आमच्या गल्ल्यांतून जाते. ज्या जागेचें क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नाहीं, किंवा जेथें आठांहून अधिक सदनिका नाहींत, तेथें ही नोंदणी आवश्यक नाहीं. जुन्या एका घराच्या जागीं उठणारी लहान इमारत पुष्कळदां या मापांत बसते. तिच्याविषयीं 'नोंदणी लागत नाहीं' असें पत्रकांत लिहिलें असेल तर तें खोटें नसेल. पण मग महानगरपालिकेनें मंजूर केलेला नकाशा, मालमत्ता पत्रकावरील नांवें आणि इमारत पुरी झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, हें सारें घेणाऱ्यानें आपण होऊन पाहावें.

वर्णनाच्या भाषेविषयीं बोलल्याशिवाय जुन्या मास्तरास राहवत नाहीं. 'हाकेच्या अंतरावर' हा शब्दप्रयोग या पत्रकांनीं इतका ताणला आहे कीं विद्यापीठ, स्टेशन व अंबाबाईचें देऊळ हीं तिन्ही एकाच घरापासून हाकेच्या अंतरावर असल्याचें आम्हीं वाचलें. हाक मारणारा कोण असेल, भीमसेनच! याहून गंभीर गोष्ट म्हणजे 'नदीकांठचा निसर्गरम्य परिसर'. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षीं पंचगंगेच्या पुरानें या शहराचें काय केलें तें कोल्हापूरकरांस सांगावयास नको. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. पुराच्या निळ्या व तांबड्या रेषा सरकारी नकाशावर आंखलेल्या असतात. परंतु घरांच्या पत्रकांत नदीचें चित्र निळें असतें, रेषा कोठेंच नसते. शहराबाहेरील गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांची गोष्ट तशीच. सातबारावर दहा-बारा नांवें एकत्र, मधला रस्ता कागदावर नाहीं, आणि १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा व २००१ चा गुंठेवारीचा कायदा यांचा उल्लेखही नाहीं.

आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास सुचविलें तें असें. तुझें नांव व पत्ता पहिल्या पानावर घाल. किर्लोस्करांनीं आपलें नांव पत्रकाच्या कपाळावरच लिहिलें होतें, त्यामुळें वाचणारा काय वाचीत आहे हें त्यास ठाऊक असे. रसभरित वर्णनांऐवजीं सरकार जागांच्या वार्षिक बाजारमूल्याचा जो तक्ता प्रसिद्ध करतें त्यांतील आपल्या पेठेचे दर छाप. मालमत्ता पत्रकाचा उतारा कसा काढावा, वारसाची नोंद कशी करावी, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे काय, हें दरमहा एकेक समजावून सांग. जो मनुष्य आम्हांस आमच्याच घराचे कागद वाचावयास शिकवील त्याच्याकडे आम्ही घर विकावयास जाणार नाहीं तर कोणाकडे जाऊं? त्यानें सारें ऐकून घेतलें. नांव व नोंदणी क्रमांक छापण्याचें लगेच कबूल केलें. बाजारमूल्याच्या तक्त्याविषयीं तो कांहींसा घुटमळला. विकणारा तोच आंकडा धरून बसेल, ही त्याची धास्ती. श्रद्धांजलीचें पान चालू राहील, पण पत्ता व घरांतील माणसांची मोजदाद त्यांत येणार नाहीं, असें ठरलें. सुभाषित आम्ही देत आहों. पहिल्याच वेळीं दोन विसर्ग गळाले.

राहिल्या काकू. घर त्यांच्या यजमानांनीं स्वतःच्या कमाईंतून बांधलें होतें आणि मृत्युपत्र केलेलें नाहीं. अशा मिळकतींत १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें विधवा, मुलगे व मुलगी यांचा हिस्सा समान असतो. म्हणजे काकू, दोन मुलगे व सांगलीस दिलेली मुलगी मिळून चार सारखे हिस्से झाले. मुलीचें नांव घालावयाचें हें मुलांच्या ध्यानींमनींही नव्हतें. लग्नांत सारें दिलें, असा आमच्या घरांतून अजून समज आहे. वडिलार्जित एकत्र मिळकत असती तरी निकाल फारसा निराळा झाला नसता. ९ सप्टेंबर २००५ पासून तींत मुलीचा हक्क जन्मतःच मुलाप्रमाणें आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं त्यासाठीं २००५ सालीं वडील हयात असले पाहिजेत असें नाहीं. संचकारपत्र घेऊन आलेल्या गृहस्थांस फक्त काकूंची सही पुरेशी वाटली होती. ती झाली असती तर चार हिश्शांपैकीं एकाच हिश्शाच्या धन्याच्या सहीवर सबंध घराचा विसार दिला-घेतला गेला असता, आणि पुढें बहीण-भावांत कोर्टकचेरी झाली असती.

धाकटा मुलगा पुण्याहून आला, बहीणही सांगलीहून आली, थोरल्याशीं फोनवर बोलणें झालें. नगर भूमापन कचेरींत चौघांच्या नांवांच्या नोंदीसाठीं अर्ज दिला आहे. घर विकावयाचें कीं पाडून पुन्हां बांधावयाचें यावर भावांचें अद्याप एकमत नाहीं. काकूंस मात्र तेथेंच राहावयाचें आहे, आणि या वर्षीं पारिजातकास फुलें फार आलीं आहेत, असें त्या आल्या-गेल्यास सांगत असतात.